गेनूभाऊंचा कोयता कायद्यात बसवताना

गेनूभाऊ आमच्या नाक्यावरच्या पोलीस चौकीसमोरून कधी सरळ चालत नाहीत. आडवे चालतात, खेकड्यासारखे. तोंड चौकीकडे, पाठ समोरच्या चिक्कीच्या दुकानाकडे, आणि पाय एकेक करून बाजूला सरकतायत. चौकी संपली की गिरकी घेतात आणि पुन्हा माणसासारखे चालायला लागतात. नवीन माणसाला वाटतं, म्हाताऱ्याच्या कमरेत काही बिघाड आहे. बिघाड काही नाही. कमरेत कोयता आहे.

आमच्या मावळात शेतकरी माणूस कमरेला मागच्या बाजूने लाकडाची आकडी बांधतो आणि तिच्यात कोयता अडकवतो. हात मोकळे राहतात, चढण चढायला बरं. पूर्वी गड्याच्या कमरेला कोयता नसला तर लोक विचारायचे, "काय रं, बरं न्हाई का?" आता असला तर विचारतात.

गंमत अशी, की गेनूभाऊ सरळ गेले असते तर चौकीतल्या कोणी मान वर करून बघितलं नसतं. पण आडवा चालणारा म्हातारा बघायला पोलीस खुर्च्या सोडून दारात येतात. शिंदे हवालदार मला एकदा म्हणाले, "मावशी, चिक्कीच्या दुकानाला पुढून मोठी काच आहे. त्या काचेत भाऊंची पाठ दिसते, कोयत्यासकट." मी हे गेनूभाऊंना सांगितलं नाही. उगाच गोल गोल फिरत जायला लागतील.

माझं कुसगावात बांगड्यांचं दुकान आहे. नाक्यापासून चौथं. आमच्या मालकांच्या वडिलांपासूनचा, माझ्या सासऱ्यांपासूनचा धंदा. मालक होते तोवर ते सायकलला पेट्या बांधून कुरवंड्यापासून लोहगडवाडीपर्यंत गावोगाव जायचे, मी दुकान बघायची. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगा मुनीर आखातात नोकरीला. मी शाळेत फार गेले नाही; बांगड्या ज्या वर्तमानपत्रात गुंडाळून यायच्या ते कागद सरळ करकरून वाचायला शिकले. त्यामुळे मला बातम्या सगळ्या येतात, पण अर्ध्या. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण गेनूभाऊंच्या सगळ्या कायद्याची वकील मीच.

गेनूभाऊ आणि आमचे मालक लहानपणापासूनचे दोस्त. मालकांना ते 'भाई' म्हणत. मालक गेले तरी त्यांचं दुकानात येणं काही चुकलं नाही. सकाळी येणार, बाहेरच्या स्टुलावर बसणार. बसायच्या आधी कोयता काढून मांडीवर आडवा ठेवणार, नाहीतर टोचतो. बांगड्या भरायला आलेल्या बायका दारातच थबकतात. मग मला सांगावं लागतं, "या या, आत या. ते आमचे गेनूभाऊ. ते काही करत नाहीत."

"आमी काय करतोय?" गेनूभाऊ म्हणतात. "आमी बसलोय."

बिचारे बायको गेल्यापासून एकटेच आहेत. मुलगा तळेगावात कारखान्यात आहे, तो घेऊन जायला येतो आणि हात हलवत परत जातो. गुरं विकून टाकली. एवढं-एवढंसं वावर उरलंय, त्यात थोडं भात होतं. बोलायला मी आणि मांडीवर कोयता.

आता कायद्याचं कसं सुरू झालं ते सांगते. मधे पेपरात रोज कोयत्याच्या बातम्या यायला लागल्या. तिकडे पुण्याकडची पोरं कोयते घेऊन रस्त्यावर नाचतायत, गाड्या फोडतायत. गेनूभाऊ ऐकून इतके लाजले, की जणू त्यांच्याच घरातलं पोर पळून गेलंय. "कोयत्याची अब्रू घालवली ह्या पोरांनी," म्हणाले. "गवत कापायची अक्कल न्हाई आन् कोयता पायजे."

मग निवडणूक लागली आणि आदेश निघाला. मी त्यांना वाचून दाखवला. सार्वजनिक जागी हत्यार बाळगायचं नाही. तलवार नाही, भाला नाही, सुरा नाही. काठी नाही, दगड गोळा करायचा नाही. आणि शेवटी, अंगाला इजा होईल अशी कोणतीच वस्तू बरोबर न्यायची नाही.

गेनूभाऊंनी स्वतःच्या दोन्ही पंजांकडे बघितलं. उलटे करून बघितले. "मंग हात कुटं ठिवायचं?"

"हात चालतात, भाऊ."

"तसं लिवलंय का?"

तसं लिहिलेलं नव्हतं, हेही खरं.

त्या दिवसापासून गेनूभाऊंच्या तोंडी एकच वाक्य बसलं. "आपलं कायद्यात बसतंय का?" चहा ओतून दिला तरी आधी कपाकडे बघून विचारायचे, आपलं कायद्यात बसतंय का. सवयच लागली.

त्यांची पहिली अडचण अशी, की घर रस्त्याच्या अलीकडे आणि वावर पलीकडे. घर स्वतःचं, तिथे कोयता ठेवायला हरकत नाही. वावरही स्वतःचं. पण मधला रस्ता सार्वजनिक. मग कोयत्याने रस्ता ओलांडायचा कसा?

"उचलायचा आणि जायचं," मी म्हटलं. "कोण बघतंय?"

"कोन बघतंय म्हून कायदा आसतो व्हय?" गेनूभाऊ चिडले. "दाकवला तर धाक, झाकला तर डाव. सांगा आता."

हेही मला पटलं. दाखवत न्यावा तर लोकांना भीती घातली, झाकून न्यावा तर हत्यार लपवलं. माझं डोकं तेव्हापासून जे फिरलं ते अजून ताळ्यावर नाही.

मग त्यांनी दोन कोयते केले. एक घरात, एक वावरातल्या खोपीत. पंधरवडा मजेत गेला. मग वावरातला बोथटला. धारेचा दगड घरी. कोयता अलीकडे आणायचा नाही, तर दगड पलीकडे न्यावा. पण आदेशात दगडसुद्धा होता. मी पुन्हा वाचून बघितलं. होता. गेनूभाऊ अलीकडे, बोथट कोयता पलीकडे, आणि मधून वाळूचे डंपर चाललेत.

"रस्त्याखालची मोरी सार्वजनिक आसती का?" त्यांनी एक दिवस विचारलं.

मोरीबद्दल माझ्याकडच्या कागदांत काही आलेलं नव्हतं. मी म्हटलं, "मोरीतून जनता कुठं जाते? नसावी." एवढं ऐकलं आणि गडी उठला. कोयत्याला सुंभ बांधला, सुंभाला रिकामी बाटली बांधली, बाटली पलीकडून पाण्यात सोडली आणि अलीकडून ओढायला बसले. कोयता निम्म्यात अडकला. मग पाणी अडकलं. मग पाणी रस्त्यावर आलं. ग्रामपंचायतीचा माणूस आला, त्याने गजाने ढोसून कोयता काढला आणि भर रस्त्यात, चारचौघांत, उंच धरून विचारलं, "हा कुणाचाय?"

गेनूभाऊ आकाशाकडे बघत राहिले.

यावरून मी एक सांगते, माणूस भित्रा नाही. रानात डुकराला हाकललंय त्याने. पण कायदा म्हटलं की त्यांना असं वाटतं, ती मोठी शाळा आहे, आणि आपल्याला फक्त परीक्षेला बोलावलंय.

निवडणुकीत परवान्याच्या बंदुका पोलिसांत जमा करतात. टेकाडावरच्या बंगल्यातल्या साहेबांनी त्यांची जमा केली, तशी गेनूभाऊंना कल्पना सुचली. एका सकाळी अंघोळ करून, स्वच्छ गांधी टोपी घालून चौकीत गेले, त्या दिवशी पहिल्यांदा सरळ चालत, आणि कोयता शिंदे हवालदारांच्या टेबलावर ठेवला. "जमा करून घ्या सायेब. निवडनूक झाली की येतो."

शिंदे म्हणाले, "परवाना?"

"कसला?"

"कोयत्याचा परवाना आहे का?"

"न्हाई."

"मग जमा कसा करून घेऊ, आबा? परवाना असलेलं हत्यार जमा करतात."

गेनूभाऊ विचारात पडले. "म्हंजे परवाना हाय त्यानं घरी ठिवायचं न्हाई, आन् न्हाई त्यानं घरी घिऊन जायाचं?"

शिंदे हवालदारांनी कोयता उचलून परत त्यांच्या हातात दिला. मग म्हणाले, "आबा, घरी जा."

"कसा जाऊ? मदी रस्ता हाय."

शेवटी शिंद्यांनी मोटारसायकलवर मागे बसवून त्यांना घरी सोडलं. कोयता पुढे, हवालदारांच्या मांडीवर.

मग गेनूभाऊ चौकशीला लागले. शहाळेवाल्याकडे गेले. तो दिवसभर भर रस्त्यात कोयता चालवतो, त्याला कोणी का पकडत नाही? शहाळेवाला म्हणाला, "आबा, मी उभा असतो. तुमी चालता."

"म्हंजे उभ्यानं चालतंय, चालताना चालत न्हाई?"

"तसंच कायतरी."

गेनूभाऊ दोन दिवस थांबत थांबत चालले. चार पावलं टाकायची आणि उभं राहायचं. चिक्कीवाल्याला विचारलं, तुझा सुरा? तो म्हणाला, दुकानाच्या आत आहे. पानवाल्याला अडकित्त्याचं विचारलं. मला विचारलं, "फुटकी बांगडी? तिनं बी रगत येतं." त्यानंतर काही दिवस मीच चौकी चुकवून जायची. पेटीत नऊ डझन काचेच्या बांगड्या घेऊन मी बाजारातून येतेय, आणि वाटतंय, शिंद्यांनी थांबवलं तर?

मग तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची लग्नं सुरू झाली.

वरच्या आळीत एका मुलीचं लग्न होतं, बांगड्या मी भरल्या होत्या, म्हणून मीही गेले होते. नवरदेव नाक्यावर गाडीतून उतरला. फेटा, शेरवानी, आणि हातात रीतीप्रमाणे कट्यार, कट्यारीच्या टोकाला लिंबू टोचलेलं. वाहतुकीला दोन पोलीस होते. त्यांनी कट्यारीकडे बघितलं, हसले, नवरदेवाला वाट करून दिली. एकाने तर शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

गेनूभाऊ माझ्या शेजारी पुतळ्यासारखे उभे. "जैनबबाय, त्ये कसं कायद्यात बसलं?"

तेवढ्यात नवरदेवाकडचा एक मामा, जरा जास्तच आनंदात असलेला, म्हणाला, "आबा, टोकाला लिंबू हाय की! टोक झाकलं की हत्यार न्हाई राहत."

लोक हसले. गेनूभाऊ हसले नाहीत. मान हलवत राहिले, हळूहळू, जसं एखाद्याला फार दिवसांचं कोडं सुटावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात एकदम शांतता झाली. मी दुकानातून डोकावले. रस्त्याच्या मधोमध गेनूभाऊ चालत येतायत, सरळ, छाती काढून. कोयता आकडीत नाही. हातात, पुढे धरलेला. आणि कोयत्याच्या वाकड्या टोकाला पिवळंधमक लिंबू.

आता तुम्हीच सांगा, पात्याला लिंबू टोचून कोणी चौकातून चाललं तर लोक काय समजतील? भाजीवाल्या बायकांनी पदर तोंडावर घेतले. एकीने टोपलीच झाकली. रिक्षावाल्याने रिक्षा मागे घेतली. "कुनाच्या दारात टाकतोय बघा," असं कोणीतरी कुजबुजलं, आणि माझ्या ओळीतल्या तीन दुकानांची शटरं निम्मी खाली आली. गेनूभाऊंना वाटलं, लोक कायद्याला मान देतायत.

त्यात शनिवार. लोणावळ्याला येणाऱ्या गाड्यांची रांग. एका नव्याकोऱ्या गाडीची काच खाली झाली आणि आतल्या बाई हात जोडून म्हणाल्या, "बाबा, गाडीची नजर उतरवता का? कालच घेतली."

गेनूभाऊंना नाही म्हणता येत नाही, हा त्यांचा जुना दोष. त्यांनी कोयता गाडीवरून एकदा फिरवला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. शिवी द्यायला नाही, आपलाही नंबर लावायला. पाऊण तास नाका बंद. शिंदे हवालदार गाड्यांमधून वाट काढत आले तेव्हा गेनूभाऊ एका मिनीबसभोवती फिरत होते आणि आतून लोक मोबाइल धरून होते.

"आबा, लिंबू काढा!"

"काडलं तर हत्यार व्हतं, सायेब!"

"मग कोयता घरी ठेवा!"

"घरी ठिवला तर गवत काय हातानं उपटू?"

यावेळी मात्र चौकीचे फौजदार साहेब स्वतः आले. नवीन होते, तरुण, बोलायला मऊ पण हसायचं नाव नाही. ते म्हणाले, "आबा, हे शेवटचं. आदेश आहे तोवर सार्वजनिक जागी पुन्हा कोयता दिसला, तर कोयता जप्त आणि तुमच्यावर गुन्हा. मग वय बघणार नाही मी. मला बघता येणार नाही."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. या वयात कोठडी म्हणजे काय खेळ आहे? सकाळी स्टुलावर बसले तशी मी फैलावर घेतलं. "गेनूभाऊ, गुरं तुम्ही विकलीत. भात काढून झालंय. गवत कापायचंय कुणासाठी? ठेवून द्या तो कोयता महिनाभर."

"गवताला कुटं आदेश वाचता येतो?" ते म्हणाले. "त्ये वाडतंय."

"कुठलं गवत?"

"हाय. वढ्याच्या अंगाला."

"ओढ्याला गवत वाढलं तर तुमचं काय गेलं?"

मला काही समजेना. शेत या बाजूला, आणि हा माणूस दर चार-आठ दिवसांनी चौकीवरून आडवा चालत जातो त्या बाजूला. त्या बाजूला आहे काय? ओढा, वीटभट्टीची जुनी जागा, आणि पुढे आमचं कब्रस्तान. मी म्हटलं, तळेगावला जा मुलाकडे, आदेश संपला की या. तर म्हणाले, "नगं, हितं काम हाय." आणि मग नेहमीसारखी परीक्षा सुरू केली.

"शाळेमागली जागा सार्वजनिक का?"

"हो."

"वढ्याचं पात्र?"

"ते सरकारचं."

"आन् जिथं जित्तं मानूस जातच न्हाई फारसं, अशी जागा?"

"मग ती सार्वजनिक कशी?"

"तेच म्हंतोय मी," गेनूभाऊ म्हणाले आणि टोपी सारखी करून निघून गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात, दुपारी, शिंदे हवालदार दुकानात आले. टोपी हातात. "मावशी, जरा चौकीत चला. भाऊंना आणलंय."

मी गल्ला तसाच सोडून गेले.

गेनूभाऊ बाकावर बसले होते. कमरेची आकडी रिकामी. धोतराला काटे चिकटलेले, हातांवर ओरखडे. टेबलावर कोयता. त्याच्या पात्याला हिरवं लागलेलं. साहेब उभे होते.

"मावशी, हे कब्रस्तानात सापडले," साहेब म्हणाले. "कोयता घेऊन. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणीतरी बघितलं आणि आम्हाला फोन केला. आमच्या आधी तो माणूस आणखी चार जणांना फोन करता तर? दिवस कसे आहेत तुम्हाला सांगायला नको. आणि हे काही बोलत नाहीत. काय करत होता विचारतो, तर गप्प. ओळखीचं कोण आहे विचारलं, तर तुमचंही नाव सांगेनात. शिंदे म्हणाले म्हणून तुम्हाला बोलावलं."

जो माणूस कपभर चहासुद्धा कायदा विचारल्याशिवाय पीत नाही, तो गप्प होता. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. "गेनूभाऊ, आमच्या कब्रस्तानात तुमचं काय काम?"

ते धोतराचे काटे एकेक करून काढायला लागले.

"घानेरीची झुडपं लय माजली, जैनबबाय."

"कुठं?"

"भाईच्या अंगावर."

आमचे मालक तिथेच निजलेत.

आमच्याकडे बायका कब्रस्तानात आत जात नाहीत. आम्ही भिंतीबाहेरून दुवा मागतो आणि परत फिरतो. मुनीर सुट्टीला येतो तेव्हा आत जाऊन येतो, म्हणतो, "अम्मी, सगळं साफ आहे." मला वाटायचं, आमचे जमातवाले साफ ठेवतात.

"कधीपासून करताय हे?" मी विचारलं.

"पैल्या पावसापास्नं. भाई गेले त्या वर्सापास्नं. वरनं कापून भागत न्हाई तिला, मुळात घाव घालावा लागतो. दोन आठवडं सोडली की पुना हाय तशी."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तुमाला आत जाता येत न्हाई. मंग सांगून काय? उगं जिवाला घोर." मग साहेबांकडे न बघता, कोयत्याकडे बघत म्हणाले, "सायबास्नी बी सांगितलं आसतं. पन लोक इचारतील, ह्यो टोपीवाला तितं कशाला, कोयता कशाला, कुनी बलावला. नाव तुमच्या घराचं येईल. म्हून तर सारका कायदा इचारत व्हतो. कायद्यात बसलं आसतं, तर कुनाला काय सांगायचीच गरज न्हवती."

एवढे दिवस मी या माणसाला मोरीचं आणि फुटक्या बांगडीचं उत्तर शोधून देत होते.

साहेब खुर्चीत बसले. म्हणाले, "शिंदे, कब्रस्तान सार्वजनिक जागा होते की संस्थेची?"

"संस्थेची असणार, साहेब. पण फाटक उघडंच असतं."

"मग सार्वजनिक."

"पण कुंपण आहे, साहेब."

"मग खाजगी."

"एका बाजूने पडलंय."

साहेबांनी कपाळ चोळलं. कोणाला तरी फोन लावला, बाहेर जाऊन बोलले. परत आले तेव्हा जाताना होता त्याहून जास्त गोंधळ चेहऱ्यावर होता. "ते म्हणतायत, बघून घ्या," साहेब म्हणाले.

मी उठले. मला पदर कुठे गेला तेही कळत नव्हतं. म्हटलं, "साहेब, मी फार शिकलेली नाही. गुन्हा लिहायचा तर लिहा, पण मग माझंही नाव लिहा. काम माझ्या घरचं आहे. ते राबले माझ्या घरासाठी."

"मावशी, बसा," साहेब म्हणाले. "लिहिलंय का मी काही?" मग कोयता शिंद्यांकडे सरकवला. "रस्त्याने कोयता यांच्याकडे नको. लपवून नको, उघडा नको. पण पोलिसाकडे हत्यार असायला कोणाची हरकत नाही. शिंदे, काम किती राहिलंय?"

"निम्मं तोडून झालंय, साहेब. मुळं राहिलीत."

"तुम्ही घेऊन जा कोयता. फाटकाशी यांच्या हातात द्या, झालं की परत घ्या, घरी पोचवा. आणि जमातीच्या माणसांना सांगा, कोण आहे आणि का आहे. आदेश असेपर्यंत असंच."

"आन् आतमदी, सायेब?" गेनूभाऊंनी हळूच विचारलं. "आत कायद्यात बसतंय का?"

"आतलं मी बघत नाही," साहेब म्हणाले आणि दुसऱ्या कामाला लागले.

मग आमची वरात निघाली. पुढे शिंदे हवालदार, कोयता हातात, लोक बघतायत. मागे गेनूभाऊ आणि मी. चौकीच्या दारातून बाहेर पडल्यावर गेनूभाऊंचे पाय सवयीने आडवे पडले. मी दंडाला धरून सरळ केलं.

कब्रस्तानाच्या फाटकाशी शिंद्यांनी कोयता दिला आणि झाडाखाली थांबले. मी भिंतीच्या कडेकडेने पडलेल्या बाजूला गेले. इतकी वर्षं फाटकापासून मागे फिरणारी मी, त्या बाजूला कधी आले नव्हते. घाणेरीच्या जाळीवर मला फक्त गेनूभाऊंची टोपी दिसत होती, खाली जायची, वर यायची. खच्. खच्.

"कुठे आहेत ते?" मी भिंतीवरून विचारलं.

टोपी थांबली. "हितं. माज्या पायापाशी. वर चाफा हाय बगा, त्याच्या सावलीला."

चाफा मला दिसला. मी दुवा मागितली. हात चेहऱ्यावरून फिरवून खाली केले, तरी जाववेना.

"जैनबबाय," आतून आवाज आला, "भाईला काय सांगायचंय का? मी हाय हितं."

मी इतकी बडबडी बाई. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलते, भिंतीशी बोलते. त्या वेळी एक शब्द सुचला तर शपथ. म्हटलं, "तुम्हीच सांगा काहीतरी."

कोयता थांबला. टोपी खाली गेली, ती वर आली नाही; बसले असावेत. मग गेनूभाऊ बोलायला लागले. हळू, सलग, मधेच थोडं हसून, जसं माझ्या दुकानाबाहेर हे दोघं स्टुलांवर बसून बोलायचे तसं. शब्द काही माझ्यापर्यंत पोचत नव्हते.

शिंदे हवालदारांनी झाडाखालून घड्याळ दाखवलं. मी हाताने त्यांना थांबा म्हटलं.